सामाईक रकाना

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
एसी बंद पडला त्या दुपारी
देवगडे सर म्हणाले, दहाही झोनचे रकाने एक कर.
पाण्याच्या तक्रारी एकाच साच्यात पाहिजेत,
सोमवारी सादरीकरण आहे.

मी ॲडमिनचं पान उघडलं.
बाहेर शेहेचाळीस अंश.
खाली कुणी गाडीच्या सीटवर ओला दुपट्टा टाकला होता,
मी पाहता पाहता तो वाळला.

एकाच गोष्टीला केवढी नावं.
धरमपेठेत 'प्राधान्य', मंगळवारीत 'तातडी',
सतरंजीपुऱ्यात 'अर्जंट आहे का', आणि खाली हो, हो, हो,
लकडगंजात नुसतीच 'घाई'.
हनुमाननगरात 'नळ कधीपासून कोरडा',
त्यात कोणी काय लिहावं याला धरबंध नाही:
परवापासून.
अक्षय्य तृतीयेपासून.
पोरगी बाळंतपणाला आली तेव्हापासून.

मी तिथे तारखेचा रकाना केला.
कॅलेंडर उघडतं, दिवस निवडायचा.
पोरगी आली तो दिवस काही सापडेना,
मी एक मे टाकला.

निनावेंचा फोन, लकडगंजाहून:
"म्याडम, आमची घाई त्यांच्या घाईले कशी जुळन?
तिकडे टाकी भरत नाही म्हणून बोंबलतेत,
इकडे गुंड भरत नाही."
निनावेजी, म्हटलं, पर्याय चार आहेत,
चारातलाच एक घ्यावा लागतो.
"हो ना जी. लग्नाच्या वक्ती बी असंच सांगतलं होतं."

संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट रकान्यांचे अकरा झाले.
सामाईक म्हणजे काय ते बोटांना कळलं:
एका जागी अक्षर बदललं की दहा जागी बदलतं,
आणि कोणी विचारत नाही कोणी बदललं.

मग तळाशी एक उरला.
आशीनगर. 'घरी कोण'.
वापर: एकच झोन. तयार करणार: प्र. रंगारी.
शेजारी कचऱ्याच्या डब्याचं चित्र, राखाडी.

पुसण्याआधी उघडून पाहिला.
म्हातारी एकटी, गुडघे.
नवरा ट्रकवर, बाईला सातवा महिना.
दोघंही अंध, टँकरवाल्याले हॉर्न वाजवायले सांगा.
कुत्रा आहे, चावत नाही.

रंगारीबाई फोनवर घाईत होत्या.
"टँकर चौकात थांबते ना बाई.
चौकापासून घरापर्यंत पाणी कोणतरी उचलून न्या लागते.
ते तुमच्या साच्यात कुठीसा हाय?"

कुठीच नव्हतं.
मी डब्यावरून बाण काढून घेतला.
रकाना सामाईक केला, दहाही झोनला,
वीस अक्षरांची मर्यादा घातली,
आणि देवगडे सरांना आवडतं म्हणून सक्तीचा केला.
भरल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही.
त्या दिवशी मी खुशीत घरी गेले,
वाटेत गोकुळपेठेत तर्री-पोहे खाल्ले, जास्तीची तर्री घेऊन.

आठवड्यात चार हजार नोंदी.
घरी कोण: आडवी रेघ.
घरी कोण: टिंब.
घरी कोण: माणसं.
घरी कोण: माहीत नाही, जाऊ द्या पुढं.
गांधीबागेतल्या एका पोरानं साडेतीनशे घरांत
'आई' लिहून टाकली होती.
आणि आशीनगरात रंगारीबाईंचं वाक्य
माझ्या मर्यादेवर येऊन तुटलेलं:
दोघंही अंध, टँकरवाल्

रविवारी कोणाला न सांगता
मी लॉगिन केलं. सक्तीची खूण काढली. मर्यादा काढली.
नाव तेवढं तसंच ठेवलं.
सोमवारपासून नऊ झोनमध्ये तो रिकामा पडला,
सरांच्या तक्त्यात एक पांढरा उभा पट्टा.
हे काय, त्यांनी विचारलं.
ऐच्छिक आहे, म्हटलं.

मंगळवारी रात्री, अकरा वाजून चार मिनिटं.
लकडगंज. नोंद: हे. निनावे.
घाई: चारातली तिसरी.
घरी कोण: विचाराचं राहून गेलं. परत फोन लावतो.

त्याखाली बदलांचा इतिहास, अकरा वाजून अकरा:
बाप पडलेला. तीन पोरी.
मोठी नवव्या वर्गात, तिले उचलता येते.